दहा पावलांवर हातोडी

४ जानेवारी

दादा,

वर काय लिहायचं यातच पंधरा मिनिटं गेली. मानाचे सगळे मायने मनात लिहून पाहिले आणि शेवटी नुसतं 'दादा' ठेवलं. चौदा महिने तू माझा फोन उचलत नाहीस. फोन वाजून वाजून आपला आपण बंद होतो, पत्राचं तसं नसतं. ते फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की तू वाचशील, एवढं मी तुला ओळखते.

आम्ही डोंगरात आलोय. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची बावीस मुलं, भूशास्त्राचे आमचे सर, एक स्वयंपाकी आणि मी. बारा दिवसांचा मुक्काम आहे. मी आता एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, त्यामुळे सरांची मदतनीस. म्हणजे मुलांच्या वह्या तपासायच्या, कुणाच्या टाचेला फोड आला ते बघायचं आणि स्वयंपाकी रोज बटाटेच का करतो याचं उत्तर द्यायचं. राहायला बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या आहेत. फळ्यावर कुणीतरी सतराचा पाढा अर्धा लिहून ठेवलाय, तो पुसायला कुणाला धीर होत नाही. इथे फोनला रेंज नाही. एक दिवसाआड जीप गावात जाते, टपाल तिच्यातूनच जाईल.

सर आहेत तसेच आहेत. वहीत खोडरबर चालवू देत नाहीत. मोजणी चुकली तर तिच्यावर एक सरळ रेघ ओढायची, खालचं वाचता येईल अशी, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. मुलं कुरकुरतात. वह्या घाणेरड्या दिसतात म्हणतात.

तुझी हातोडी माझ्या कमरेला आहे. मी कॉलेजात गेले तेव्हा मोडक्या पहारीचं पोलाद घेऊन तू दोन दिवस लोहाराकडे ठाण मांडून बसलास, आणि माझ्या मुठीचं माप दोऱ्याने घेऊन दांडा स्वतः तासलास. इथल्या मुलांकडे दुकानातल्या, रबरी मुठीच्या हातोड्या आहेत. ती विचारतात, "ताई, ही कुठून मागवली?" मी सांगते, ही मागवून मिळत नाही.

खाणीबद्दल आणि पूर्वेच्या भिंतीबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यासाठी लिहायला बसलेलीच नाही. वहिनी म्हणाली तुझा खोकला गेला. बरं वाटलं.

तुझी,
खडी

(लहानपणी फ्रॉकच्या खिशात खडी भरून आणायचे म्हणून तूच ठेवलेलं नाव. दुसरं कुणी त्या नावाने हाक मारत नाही, त्यामुळे बऱ्याच दिवसांत ऐकलेलं नाही.)

७ जानेवारी

दादा,

आज एक गंमत झाली.

मुलांना खडकाचा कल मोजायला बसवलं होतं. खडकाचे थर किंवा भेगा किती कलल्यात आणि कुठल्या दिशेला कलल्यात, एवढंच काम. किती ते ओळंब्याने कळतं, कुठे ते होकायंत्राच्या काट्याने. वहीच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं की होकायंत्र वाचताना हातोडी दहा पावलं लांब ठेवावी, कारण लोखंड जवळ असलं की काटा तिकडे ओढला जातो.

बाविसांत एक चष्मेवाली आहे. बारीक, चिवट, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारी. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले तर म्हणते, "ताई, तुम्ही आलात की माझा काटा हलतो. गेलात की जागेवर येतो."

मी म्हटलं, "मला बघून भल्याभल्यांचं असं होतं. तू यंत्र सरळ धर."

सगळे हसले, ती हसली नाही. माझ्या कमरेकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, तुमची हातोडी." मग सगळे माझ्यावर हसले. मी मोजत नव्हते, नुसती फिरत होते, म्हणून हातोडी काढायचं मला सुचलंच नव्हतं. मुकाट्याने दहा पावलं मोजत गेले, झुडपाशी ती ठेवली आणि परत आले. पोरीची मोजणी बरोबर होती. हुशार आहे, जरा डोक्यात जाते, म्हणजे साधारण माझ्यासारखीच.

बाकी सगळं ठीक. दुपारी जेवले नाही, बटाट्यांचा कंटाळा आला.

खडी

८ जानेवारी

दादा,

'बाकी सगळं ठीक' हे खोटं होतं. ते पत्र सकाळी जीपने गेलं, नाहीतर फाडलं असतं.

काल दुपारी मुलं जेवायला बसली तेव्हा मी एकटी त्या खडकाशी परत गेले. हातोडी लांब ठेवून दिशा मोजली. मग हातोडी उजव्या कमरेला खोचली, खडकाकडे, म्हणजे पूर्वेकडे, तोंड करून उभी राहिले आणि पुन्हा मोजली. बत्तीस अंशांचा फरक आला. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा बत्तीसच्या आसपास. ठोके खाऊन खाऊन लोखंडात थोडं चुंबक शिरतं, असं सर शिकवतात. माझ्याकडे ही हातोडी पाच वर्षं ठोके खातेय.

आता तो दिवस आठव. पूर्वेच्या भिंतीवरून एक दगड सुटला म्हणून खाणींच्या तपासणी कार्यालयाने कॉलेजला विचारलं होतं, आणि सरांनी ते काम माझा एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून मला दिलं. सर मॅनेजरच्या खोलीत जुने नकाशे बघत बसले. मी खाली उतरले. तू होतास, तुझी टोळी होती.

खाणीत हत्यार जमिनीवर ठेवायचं नाही, हे मी चालायला लागल्यापासून ऐकत आले. सुरुंगाआधी मुकादम खाली नजर फिरवतो. कुठे हातोडी पडलेली दिसली, तर तिचा माणूस अजून आत आहे असं धरतात आणि सगळं थांबवून त्याला शोधतात. म्हणून हत्यार कमरेला, नाहीतर हातात. कॉलेजातल्या कुणाला हे माहीत नव्हतं, मला होतं. तुझ्या माणसांसमोर मी हातोडी खाली टाकली असती, तर त्यांनी मला शहाणी शहरी बाई ठरवली असती. मुकादमाची बहीण कशी वागते ते मला दाखवायचं होतं. तो एक नियम पाळण्यात मी इतकी खूश होते की दुसरा नियम डोक्यात आलाच नाही.

तीस ठिकाणी मोजलं. दरवेळी भिंतीकडे तोंड, दरवेळी हातोडी उजव्या कमरेला. त्यामुळे दरवेळी चूकही तेवढीच. मोजण्या एकमेकींशी जुळल्या नसत्या तर मला शंका आली असती. त्या अगदी छान जुळत होत्या, आणि मी त्यालाच खरेपणा समजले.

तू तेव्हाच म्हणाला होतास, "या भेगा इकडे पडत नाहीत गं. सतरा वर्षं फोडतोय हा दगड. त्या वळणाकडे पडतात." मी काय म्हणाले तेही तुला आठवत असेल. "दादा, तू हाताने सांगतोस, मी यंत्राने."

भेगा पूर्वेच्या भिंतीतून बाहेर कलल्यात, दगड घसरू शकतो, असा अहवाल मी दिला आणि ती भिंत बंद झाली. सगळी टोळी तुझ्याकडे बघायला लागली. तू घरी येऊन आईसमोर एवढंच विचारलंस, "टोळीला काय सांगू?" आणि मी ते वाक्य बोलले. ते पुन्हा लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. "बाबाही हाताच्या अंदाजावरच गेले ना." बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला त्यांचा आवाजही आठवत नाही, आणि मी त्यांचं नाव घेऊन तुला गप्प केलं. तू ताटावरून उठलास तो अजून उठलेलाच आहेस.

सरांना अजून सांगितलेलं नाही. त्या प्रकल्पाला कॉलेजचं पहिलं बक्षीस मिळालं. त्याच्याच जोरावर भूजल कार्यालयाने मला जूनपासून जागा देऊ केलीय. सांगितलं तर यातलं काय उरेल कुणास ठाऊक. मी घाबरलेय, दादा. एक भिंत उगीच बंद झाली, कुणी मेलं तर नाही ना, असंही मनाशी म्हणून पाहिलं. म्हणताना लाज वाटली, पण म्हटलं.

खडी

९ जानेवारी, गावातल्या टपाल कचेरीच्या बाकावर

दादा,

हे पत्र तुझ्यापर्यंत माझ्याआधी पोचणार नाही, तरी लिहितेय. समोर आलास की माझ्या तोंडून काही निघणार नाही.

आज सकाळी खाणीची आकृती कागदावर पुन्हा काढली. बत्तीस अंश वजा केले की भेगांची दिशा कुठे जाते, एवढंच बघायचं होतं. टेबल खणाच्या बाजूला कललं तर खण आपोआप बाहेर येतो, कुशीवर कललं तर तो आत अडकून राहतो. खाणीच्या भिंतीचंही तसंच असतं. भेगांचा कल आणि भिंतीचं तोंड साधारण एका दिशेला असेल तरच दगडाची पाटी घसरते. नव्या रेघेप्रमाणे पूर्वेच्या भिंतीतल्या भेगा कुशीवर होत्या. ती भिंत शंभर वर्षं उभी राहिली असती. रेघ पुढे नेली तर ती, खाण जिथे वळते तिथल्या, वळणाच्या भिंतीच्या बरोबर तोंडातून बाहेर आली. तिथे तेव्हा काम चालू नव्हतं, म्हणून मी तिकडे फिरकलेही नव्हते. पूर्वेची बंद झाल्यावर तुमची टोळी कुठे गेली ते वहिनीने मला सांगितलं होतं. तुम्हा सगळ्यांना त्या भिंतीखाली मीच पाठवलं होतं.

सर बाहेर तांब्या घेऊन तोंड धूत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती अंश?" मी सांगितलं. "वळणाच्या भिंतीचं तोंड?" मी कागद पुढे केला. त्यांनी चेहऱ्यावरचा साबण तसाच बाहीला पुसला आणि म्हणाले, "जीप काढायला सांग."

रागावले ते वाटेत, आणि चांगलेच रागावले. मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिसातली एक मोजणी तरी मी स्वतः घ्यायला हवी होती. चहा पीत बसलो."

इथून त्यांनी मॅनेजरला फोन लावला. तो म्हणतो, "तुमच्याच कागदावर ती भिंत बंद केली. आता ही बंद करा म्हणता?"

सर म्हणाले, "हो. तो कागद चुकलाय."

"तुम्ही आणि तो मुकादम मिळून ठरवलंत की काय?"

सरांना काही कळेना. मलाही कळलं नाही. मी वहिनीला फोन लावला, तेव्हा सगळा उलगडा झाला. तिच्याच शब्दांत लिहिते.

"अगं, सोमवारपासून ते कुणाला त्या भिंतीखाली उभं राहू देत नाहीत. ठोकली की पोकळ बोलते म्हणतात. मॅनेजरने ठणकावलंय, परवापर्यंत काम सुरू कर, नाहीतर दुसरा मुकादम आणतो. काल जेवताना मला म्हणाले, माझ्या हाताला जे कळतं त्याचा कागद कुठून आणू?"

मी फोन ठेवला आणि या बाकावर बसून रडले. सर पाठ करून स्टँपच्या किमतीचा तक्ता वाचत उभे राहिले.

कागद मी आणते, दादा. तो आता लिहूनही झालाय. माझ्या मोजण्यांत बत्तीस अंशांची चूक आहे, चूक माझी आहे, आणि फेरमोजणी होईपर्यंत वळणाच्या भिंतीखाली कुणीही उभं राहू नये. खाली माझी सही, तिच्याखाली सरांची. त्याचा फोटो मॅनेजरला आणि तपासणी कार्यालयाला गेलाय. 'मुकादमाचं निरीक्षण याच्याशी जुळतं' ही ओळ सरांनी स्वतःच्या हाताने घातली. कार्यालयातून तासाभरात उत्तर आलं, काम थांबवा. बक्षिसाचा आणि जागेचा विचार ती सही करताना मनात आला होता, हे लपवत नाही. आला आणि गेला.

परवा सर आणि मी येतोय. तू बोलला नाहीस तरी चालेल.

खडी

२१ जानेवारी

दादा,

वसतिगृहाच्या खोलीत बसून लिहितेय. शेजारीण परीक्षेसाठी मोठ्याने पाठ करतेय, तेव्हा कुठे एखाद्या खनिजाचं नाव घुसलं तर सोडून दे.

फेरमोजणीच्या दिवशी मला जे बोलता आलं नाही ते असं. आपण भिंतीपासून लांब, वरच्या कडेवर भेगा मोजायला उभे राहिलो. मी होकायंत्र काढलं आणि सवयीने कमरेला हात गेला. हातोडी आता ठेवू कुठे? जमिनीवर ठेवता येत नाही, कमरेला ठेवता येत नाही. सगळी टोळी बघत होती. तू सकाळपासून माझ्याशी अक्षर बोलला नव्हतास. पुढे आलास, हात केलास आणि म्हणालास, "दे इकडे."

हातोडी घेऊन तू चालत गेलास. मी पावलं मोजली. दहा पुरली असती, तू तेरा गेलास. तिथे ती स्वतःच्या कमरेला खोचून पाठमोरा उभा राहिलास.

इतकं सोपं होतं ते. चौदा महिन्यांपूर्वीही तू तिथेच होतास. "दादा, जरा धर" एवढे तीन शब्द म्हटले असते तर तुझाही नियम राहिला असता आणि माझाही. मला तुझी बहीण म्हणून मिरवायचं होतं, पण तुझ्याकडे काही मागायचं नव्हतं. माझी चूक मुळात ती होती, काटा नंतर वळला.

मोजणीचं तू ऐकलंसच. भेगा वळणाकडे पडतात. तुझ्या हाताने सांगितलं होतं तिथेच, दोन-तीन अंश इकडेतिकडे. वहिनीचा फोन आला होता. वरून सुरुंगाचे बार लावून भिंत उतरवली म्हणे. चार बार लागतील असं धरलं होतं, पहिल्यालाच अख्खी पाटी घसरून खाली आली. आतला पृष्ठभाग गुळगुळीत आणि ओला होता. खाली कुणी नव्हतं. ती म्हणाली की तू त्यानंतर तासभर दगडावर बसून होतास.

खाणीच्या फाटकाकडे चालताना तू जे सांगितलंस ते मला पुन्हा लिहायचंय, म्हणजे मी नीट ऐकलं हे तुला कळेल. बाबा गेले त्या दिवशी तू सतरा वर्षांचा होतास आणि सुट्टीत बाबांबरोबर खाली उतरला होतास. बाबांनी भिंत ठोकली. तूही ऐकलंस. आवाज बरा नव्हता. ते म्हणाले, "आज एवढं उरकून घेऊ, उद्या मॅनेजरशी बोलतो." तुला म्हणाले, जा, पाणी घेऊन ये. तू पाणी आणायला गेलास. आवाज बरा नव्हता हे तू अठरा वर्षं कुणालाही सांगितलं नाहीस, आईलाही नाही. आणि मी ताटावर बसून तुला त्यांचा अंदाज शिकवत होते.

मला माफ कर, असं मी रस्त्यात म्हणाले, पण ट्रक गेला आणि तू ऐकलंस की नाही ठाऊक नाही. पुन्हा म्हणते. मला माफ कर.

सरांनी माझी जुनी वही कपाटातून काढून दिली. तीसही मोजण्यांवर एकेक रेघ ओढली, शेजारी नवा आकडा लिहिला, सही केली. वही घाणेरडी दिसते आता. मग मागच्या कोऱ्या पानावर ते एक वाक्य लिहिलं, 'बाबा हाताच्या अंदाजावर गेले', आणि त्याच्यावरही रेघ ओढली. शेजारी लिहिलं, 'बाबांच्या हाताला कळलं होतं.' खाली सही केली. ते पान मी ठेवणार आहे.

बक्षीस परत केलं. ते बक्षीस म्हणजे एक पितळी पाटी होती आणि तिच्यावर माझं नाव चुकीचं कोरलं होतं, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. प्रकल्प नव्याने द्यायचा आहे. भूजल कार्यालयाने अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही. सर म्हणतात, स्वतःची चूक स्वतः शोधून काढणारा माणूस त्यांना हवा असेल तर घेतील, नसेल तर ते कार्यालय तुझ्या कामाचं नाही. सरांना नोकरी आहे, त्यांना असं म्हणणं सोपं जातं. मी रोज टपाल बघते. चष्मेवालीला सगळं सांगितलं. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "ताई, बत्तीस नक्की ना? तुम्ही किती वेळा मोजलंत?"

हातोडी तुझ्याच कमरेला राहिली. फाटकापर्यंत आपण बरोबर चाललो, तरी तुलाही आठवलं नाही आणि मलाही नाही. वहिनी विचारत होती, पार्सलने पाठवू का. तिला सांग, पाठवू नको. येत्या रविवारी मी येते. आईला सांगू नकोस, ती उगीच शनिवारपासून दारात उभी राहील.

आणि अजून एक राहिलं. वर कडेवर मी पहिली मोजणी घेत होते तेव्हा तू तेरा पावलांवरून, मागे न बघता विचारलंस, "खडे, झालं का?" वाचून केव्हाच झालं होतं. आकडाही लिहून झाला होता. मी मुद्दामच म्हटलं, "अजून नाही," म्हणजे तू परत विचारशील.

तुझी,
खडी